कोवळ्या उन्हातली तीट

“...पण अण्णा, माझ्या फोटोत कमी काय आहे, ते तरी सांगाल?”

अण्णा कासार बशीतला चहा फुंकत राहिले. कोरेगावात त्यांचा जुना फोटो स्टुडिओ. विश्वजित त्यांच्याच हाताखाली शिकला, बक्षिसं मिळवून आला, मिशीला पीळ देऊ लागला. पण स्टुडिओच्या दर्शनी काचेत त्याचा एकही फोटो अण्णांनी अजून लावला नव्हता. ते त्याला फार लागलं होतं.

“अण्णा?”

“आधी त्या लेकराचा फोटो काढ.”

मागच्या अंगणात धनाजी बायकोमुलीला घेऊन उभा होता. लष्करातला गडी. रजा संपली होती, सकाळच्याच गाडीनं निघायचं होतं. जाताना लेकीचा हसरा फोटो खिशात हवा, एवढंच त्याचं मागणं. बायकोनं, प्रतीक्षानं, ओवीला न्हाऊमाखू घालून आणलं होतं. गालावर काजळाची ठसठशीत तीट.

विश्वजितनं नियमाप्रमाणे सूर्य पाठीशी घेतला. ओवीला चटईवर कोवळ्या उन्हात बसवलं. कॅमेरा डोळ्याला लावला, आणि थांबला.

“हा डाग कशाला मध्येच?” म्हणत त्यानं रुमालानं तीट पुसून टाकली.

प्रतीक्षाचा चेहरा उतरला.

आईचं तोंड लेकरं बरोबर ओळखतात. ओवीनं खालचा ओठ बाहेर काढला, डोळे मिचमिचे केले आणि भोकाड पसरलं.

खुळखुळा झाला. टाळ्या झाल्या. विश्वजितनं मांजराचा आवाजसुद्धा काढून पाहिला. तो तर कुणालाच आवडला नाही.

“रडका आला तरी चालंल, दादा,” शेवटी धनाजी म्हणाला. “काढा. गाडीची वेळ होतीया.” बोलता बोलता त्यानं मान वळवली.

विश्वजितनं कॅमेरा खाली घेतला. “ऊन उत्तम आहे, अण्णा. मूलच हट्टी!”

“तिला तू दिसतोस का?”

“म्हणजे?”

“तिच्या डोळ्यांत ऊन. समोर नुसती काळी सावली. तिनं हसायचं कुणाला बघून?”

अण्णा उठले. चटई ओढत कडुनिंबाच्या सावलीत नेली आणि ओवीला आईच्या मांडीवर दिलं. मग विश्वजितला खांद्याला धरून समोर उन्हात उभं केलं. ऊन थेट त्याच्या तोंडावर.

“अण्णा, हे उलटं झालं!”

“हं.” अण्णांनी प्रतीक्षापुढे हात केला. “पोरी, काजळाची डबी आण बघू.”

त्यांनी बोट बुडवून एक तीट ओवीच्या गालावर लावली. दुसरी लावली विश्वजितच्या गालावर, त्या पिळदार मिशीच्या बरोबर वर.

प्रतीक्षाला हसू आवरेना. धनाजी तर पोट धरून खालीच बसला. ओवीनं आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि मग समोरच्या उन्हात उजळलेल्या त्या मिशाळ, तीट लावलेल्या तोंडाकडे. क्षणभर विचार केला... आणि बोळकं पसरून अशी खिदळली, की विश्वजितलाही राहवलं नाही. हसता हसताच त्याच्या हातून बटण दाबलं गेलं.

लगेच छापलेला फोटो जरा तिरकाच आला. ओवीचं एक पाऊल चौकटीबाहेर राहिलं. धनाजीनं तो वरच्या खिशात ठेवला, फाटकापर्यंत गेला, आणि तिथंच थांबून पुन्हा काढून पाहिला. मग आनंदानं हात हलवत गाडीकडे पळाला.

अण्णांनी त्याच फोटोची आणखी एक प्रत काढली आणि जाऊन दर्शनी काचेत लावली.

विश्वजित बघतच राहिला. “हा? अण्णा, यात पाऊल कापलंय! मग माझ्या त्या इतक्या नेटक्या फोटोंत काय कमी होतं?”

असं म्हणत गाल पुसायला त्यानं रुमाल काढला.

अण्णांनी त्याचा हात धरला.

“पुसू नकोस. तेच कमी होतं.”