बिनपात्याचा दांडा

एक म्हातारा होता एकदा, दांडे करणारा. कुऱ्हाड, कुदळ, फावडे; लोखंड कोणाचेही असो, लाकूड त्याचे. घरामागच्या पडवीत त्याचे काम चाले. तिथे आढ्याला दांडे टांगलेले असत. त्यांत एक जुना, काळा पडलेला, बिनपात्याचा. भर दुपारी वारा पडला, की बाकीचे दांडे स्थिर राहत आणि तो तेवढा हलून खांबावर वाजे. टक. थांबून पुन्हा टक. म्हाताऱ्याच्या हाताखाली एक शिष्य होता. त्याने पहिल्याच वर्षी त्याविषयी विचारले होते. म्हाताऱ्याने काम कर एवढेच सांगितले.

शिष्य लहान नव्हता. घरी बायको होती, दोन मुले होती. सहा वर्षे तो दांडे तासत होता, पण त्यांवर कारागिराची खूण कोरली जाई ती म्हाताऱ्याची. आता म्हाताऱ्याने शब्द दिला होता, पुढचा दांडा निर्दोष निघाला की त्यावर तू आपली खूण कोर.

तो दांडा धावड्याच्या चिवट लाकडाचा होता. धावड्याने सावलीत वर्षभर वाळावे, ही तिथली रीत. शिष्याला वर्षभर धीर निघेना. त्याने लाकूड आठ दिवस छपरावर उन्हात टाकले. दांडा तासून झाला, कुऱ्हाडीत बसला, आणि पात्याखाली, दांड्याच्या मानेपाशी केसासारखी भेग दिसली. शिष्याने लाख वितळवली, तिच्यात भुसा कालवला, भेग भरली, वर तेल चोळले. काम इतके सफाईचे झाले की त्याची त्यालाच ती सापडेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाकूडतोड्या कुऱ्हाड न्यायला आला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्याने दांडा बोटाने वाजवला, कान दिला, आणि तो लाकूडतोड्याच्या हाती दिला. तीन घाव घालून पाहा, म्हणाला. मग अंगणातल्या ओंडक्यासमोर, पाच पावलांवर, एक उभा दगड होता, त्याला पाठ टेकून खाली बसला. त्या दगडाला कोणी टेकत नसे. त्यावर बोटभर खोल खाच होती, बसलेल्या माणसाच्या मानेइतक्या उंचीवर.

लाकूडतोड्या हसला. "म्हातारबा, उठा तिथून. काही झाले तर तुमची म्हातारी मला पुन्हा ताक पाजायची नाही."

"तसेही ते पाणीच असते. घाव घाल."

पहिला घाव बसला. पडवीत दांडा वाजला. टक.

दुसरा बसला. मानेपाशी लाखेचा कपचा उडालेला शिष्याने पाहिला. टक.

म्हाताऱ्याचे पांढुरके डोळे कुऱ्हाडीकडे नव्हते. ते शिष्याकडे लागले होते. शिष्याच्या मनात आले, बोललो तर सहा वर्षे गेली, खूण गेली. कुऱ्हाड तिसऱ्यांदा वर गेली. तो धावला आणि त्याने लाकूडतोड्याचे मनगट धरले.

"दांडा फुटका आहे. मी लाख भरली आहे."

म्हातारा सावकाश उठला, शिष्याला घेऊन बाजूला झाला आणि लाकूडतोड्याला म्हणाला, "आता घाल तिसरा."

कुऱ्हाड खाली येता येताच दांड्याची मान तुटली. पाते सुटले ते थेट दगडावर, त्या जुन्या खाचेत जाऊन बसले. 

आवाजावरून कळले होते तर तिथे बसलात का, शिष्याने कसेबसे विचारले.

"दांडा मला कळला होता. तू कळायचा होतास," म्हातारा म्हणाला. "लाख भेग भरते, सांधत नाही. मीही लाकूड उन्हात वाळवले होते. मीही लाख भरली होती. गिऱ्हाईक घाव घालत होते आणि माझा धाकटा भाऊ गोंदा या दगडाला टेकून विडी ओढत होता. तिसऱ्या घावाला मी तोंड उघडले. आवाज निघाला नाही. पाते त्याच्या मानेतून दगडात गेले. तेव्हा मी बोललो नाही, म्हणून त्या कुऱ्हाडीचा तो पडवीतला काळा दांडा बोलतो. तुझा हा मोडका त्याच्या शेजारी टांग."

खुणेचे नाव दोघांनीही काढले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला. जुना दांडा हलला. टक. शिष्याने आपल्या दांड्याकडे पाहिले, बराच वेळ कान दिला. तो दांडा वाजला नाही.

शिष्याने धावड्याची नवी काठी उचलली आणि सावलीत ठेवून दिली.