न्यायाचा मुखवटा आणि राणीचा हात

एका राज्यात न्यायाच्या वेळी राजाचं तोंड कुणी पाहत नसे. सिंहासनावर बसायच्या आधी राजा सोन्याचा मुखवटा चढवी. का, म्हणाल, तर समोर उभ्या असलेल्या माणसाला राजाचा राग दिसू नये, माया दिसू नये. बोलतो आहे तो न्याय, कुणाचा मामा किंवा मेहुणा नव्हे, असं त्याला वाटावं. चांगला रिवाज होता, मंडळी. मी त्याला नावं ठेवणार नाही.

मात्र ते सोनं साधं नव्हतं. सोंगाई नावाच्या जादूगारणीने ते एका शापित खजिन्यातून काढलं होतं, आणि त्या सोन्याला माणसाच्या चेहऱ्याची भूक होती. म्हणून मुखवटा देताना तिने अट घातली होती: चढवायचा राजाने, उतरवायचा राणीने, आणि तोही सूर्य मावळायच्या आत. दरबार उठला की राजा मागच्या जिन्याने खाली येई. पायथ्याशी राणी उभी असे. ती त्याच्या कानात त्याचं घरचं नाव घेई, दोन्ही हातांनी मुखवटा उतरवी आणि खुंटीला टांगी. मग राजा पुन्हा माणूस होई, आणि माणूस झाल्यावर पहिली गोष्ट काय विचारी? "जेवायला काय आहे?"

राजाचं नाव रणधवल, राणीचं केतकी. आणि राजाचं घरचं नाव? ते राणीखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. येईल पुढे, घाई करू नका.

एके दिवशी राजापुढे त्याचाच धाकटा भाऊ उदयभान आरोपी म्हणून उभा राहिला. आपल्या आमराईला पाणी मिळावं म्हणून त्याने तळ्याचा बांध फोडला होता, आणि खालचं आख्खं गाव वाहून गेलं होतं. गुन्हा शाबीत झाला. मुखवट्याआडून आवाज आला, "उदयभान, या राज्याची सीमा तुला आजपासून बंद." न्याय चोख होता. भाऊ मान खाली घालून चालता झाला.

त्या संध्याकाळी राजा जिना उतरून आला, तेव्हा मुखवट्याच्या हनुवटीखालून पाणी ठिबकत होतं. राणीने ते पाहिलं. जिन्यात प्रधान होता, मानकरी होते, सगळे टकमक बघत होते. राणीचा हात वर गेला आणि आखडला. ती हळूच म्हणाली, "आज राहू द्या. मंडळी आहेत." राजाने मान हलवली. सूर्य मावळला.

सकाळी राणीने नाव घेतलं, मुखवटा ओढला, पुन्हा नाव घेतलं, पुन्हा ओढला. तो तसूभर हलेना. "राहू दे," राजा आतून म्हणाला. "बरा आहे." त्याचा आवाजही आता धातूचा झाला होता. त्या दिवसापासून तो रागावला नाही, हसला नाही, आणि जेवायला काय आहे हेही त्याने विचारलं नाही.

दरबारी मंडळींनी काय करावं? राजाने चोवीस तास मुखवटा घातला, तर आपण मागे का राहायचं? ज्याला लाकडाचा जमला त्याने लाकडाचा केला, बाकीच्यांनी कागदाच्या लगद्याचा. प्रधानाने भुवया आवळलेला, मोठा विचारी मुखवटा करून घेतला. एका मानकऱ्याने टक्क उघड्या डोळ्यांचा घातला आणि आत खुशाल घोरू लागला. हसू येतं ना? मलाही येतं. पण पुढचं ऐकलंत तर येणार नाही.

राजाराणीला एक तान्ही मुलगी होती, मंजिरी तिचं नाव. राजाने तिला उचललं आणि सवयीने तिच्या कपाळावर ओठ टेकले. ओठ सोन्याचे होते. कपाळावर सोन्याचा एक ठिपका उमटला. दुसऱ्या दिवशी तो टिकलीएवढा झाला, मग रुपयाएवढा, मग भुवयांकडे उतरू लागला. राजवैद्यांनी पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "राणीसाहेब, बापाचा मुखवटा उतरेल तर लेकीचा उतरेल. हे सोनं डोळ्यांवर आलं तर मूल जग पाहणार नाही, ओठांवर आलं तर दूध पिणार नाही."

राणीने हे शांतपणे ऐकलं. तिच्या तोंडावर नेहमीचं मंद हसू होतं. ते तिथे कसं टिकलं हे तीच जाणे.

खिडकीत एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "बाईसाहेब, इथे उभं राहून काय होणार? सोंगाईकडे चला. मी बोलते फार, पण वाट चुकत नाही."

राणीने मूल दाईच्या हवाली केलं आणि निघाली. डोंगर ओलांडला, नदी ओलांडली. रानाच्या मध्यावर एक लांबच लांब ओसरी होती, तिच्या खांबाखांबाला मुखवटे टांगलेले, आणि खाली बसून एक म्हातारी सुपात तांदूळ निवडत होती. तीच सोंगाई.

"आजी, माझ्या लेकीचा चेहरा वाचवा."

"तीन मुखवटे हाताळ. मग बोलू." म्हातारीने मान वर केली नाही. "हा पहिला. घाल, आणि झऱ्याचं पाणी आण."

तो वाघिणीचा मुखवटा होता. राणीने घातला. रानात लांडगे वाटेतून बाजूला झाले, रानडुक्कर झुडपात शिरलं. राणी आयुष्यात पहिल्यांदाच कुणालाही न भिता चालली. झऱ्यावर पोचली, पाण्यात वाघीण पाहिली, आणि मंडळी, तिला ती आवडली. एक पाडस घाबरून पळालं, तेही आवडलं. कशासाठी आलो हेच ती विसरली. साळुंकी कानाशी ओरडली, "अहो बाईसाहेब, घागर! लेक वाट बघतेय!" आणि चोचीने तिने मुखवट्याची गाठ सोडली. राणी भानावर आली आणि पाणी भरून घेऊन गेली.

"धीर देतो, पण वेळेवर सोडवणारं कुणीतरी लागतं," सोंगाई म्हणाली. "हा दुसरा. घालून तुझ्याच नगरीच्या बाजारात बसून ये."

तो भिकारणीचा होता. राणी आपल्याच बाजारात भाजीवालीच्या पाटीशेजारी बसली. राणीपुढे सगळे मुजरा करत, भिकारणीपुढे कोण कशाला जीभ आवरतंय? भाजीवालीने तिला अर्धी भाकरी दिली, वर ठेचा दिला, आणि म्हणाली, "खा गं बाई. या राज्यात आता कुणाचं तोंडच दिसत नाही. राजाला दोष देतात सगळे. मी म्हणते, हात राणीचा होता. का नाही उचलला गं तिने?"

राणीच्या घशात घास अडकला. "लाज वाटली असेल," ती म्हणाली.

"नवरा रडतो याची लाज?" भाजीवाली म्हणाली. "कमाल आहे बाई!" मग तिनेच भिकारणीला पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला, आणि तोंड पुसायला म्हणून मुखवटा सोडवला. पुढे काय झालं? समोर राणी! भाजीवाली पाटीतल्या वांग्यांवरच बसली. राणीने तिला नमस्कार केला आणि परत फिरली.

"याच्याआडून खरं ऐकू येतं," सोंगाई म्हणाली. "आता तिसरा दे. तुझा."

"मी तर मुखवटा घालत नाही, आजी."

सोंगाईने झऱ्याच्या पाण्याची घागर तिच्यापुढे ठेवली. राणीने वाकून पाहिलं. पोटात लेकीसाठी वणवा पेटला होता, आणि पाण्यातलं तोंड मात्र मंद, शांत, दरबारी हसत होतं. माहेरहून निघाल्या दिवसापासून ते हसू तिच्या तोंडावर होतं. राणीने ओठ मिटले, तरी ते हसतच होतं. तेव्हा ती भ्याली.

"मला भीती वाटली, आजी," ती म्हणाली. "लोक काय म्हणतील याची भीती. त्यांचा भाऊ गेला होता, ते रडत होते आणि मी त्यांना म्हटलं, मंडळी आहेत." आणि ती मोठ्याने रडू लागली, नाक लाल होईपर्यंत रडली. तिच्या तोंडावरून कांद्याच्या सालीसारखं काहीतरी पातळ सुटलं आणि मांडीवर पडलं. सोंगाईने ते उचललं, झटकलं, खुंटीला टांगलं.

"लागेल तेव्हा घेऊन जा. पाहुण्यांसमोर उपयोगी पडतं," ती म्हणाली. "आता तुझा हात चालेल. जिथे आखडला होता तिथेच उचल. त्याच मंडळींसमोर."

राणी धावतच घरी आली. मंजिरीच्या भुवया सोन्याच्या झाल्या होत्या, पापण्यांच्या कडा चमकू लागल्या होत्या. मूल रडायचं थांबलं होतं. राणीने तिला कडेवर घेतलं आणि जिन्याच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. दरबार उठला. पुढे सोन्याचा राजा, मागे प्रधान, मागे मानकरी, एकाचंही तोंड दिसेना. उन्हं कलली होती.

"महाराज," राणी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्या संध्याकाळी तुम्ही रडत होता. ते पाहायची मला लाज वाटली. चूक माझी."

प्रधान पुढे झाला. "राणीसाहेब, हे चारचौघांत..."

"चारचौघांतच," राणी म्हणाली. तिने मूल प्रधानाच्याच हातात दिलं, दोन्ही हात वर केले आणि भर जिन्यात नवऱ्याचं घरचं नाव घेतलं. "धोंडू!"

हो, धोंडू. आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून याला तरी दृष्ट लागू नये, अशा आशेने आईने ठेवलेलं नाव. मानकऱ्यांत कुजबुज झाली. घोरणारा मानकरी दचकून जागा झाला.

मुखवट्याआडून अगदी बारीक आवाज आला, "केतकी, सगळे आहेत गं."

"असू देत, धोंडू. मी पण आहे."

आणि मुखवटा सुटला. आतला चेहरा पांढरा पडला होता, दाढी वाढली होती, डोळे सुजले होते. त्या संध्याकाळी ज्या हुंदक्यावर रडणं थांबलं होतं, तिथूनच ते पुढे सुरू झालं. राजा पायरीवर मटकन बसला. "माझा भाऊ होता गं तो," तो म्हणाला. "माझ्या खांद्यावर बसून जत्रा बघायचा."

राणी त्याच्याशेजारी बसली. मंजिरी प्रधानाच्या हातातून बापाकडे झेपावली. तिने त्याचा ओला गाल चाचपला, नाक ओढलं, आणि खुदकन हसली. कपाळावरचं सोनं पाणी होऊन ओघळलं आणि पायरीवर वाळून गेलं. प्रधानाने स्वतःचा विचारी मुखवटा काढून डोळे पुसले. मग एकामागून एक सगळ्यांनी काढले.

उदयभानाची शिक्षा तशीच राहिली, कारण वाहून गेलेलं गाव परत आलं नाही. पण दर सणाला राजा सीमेवर जाऊ लागला, उघड्या तोंडाने, आणि नदीच्या दोन काठांवर बसून दोघे भाऊ बोलू लागले.

आणि मुखवटा? दुसऱ्या दिवशी सकाळी राजाने तो पुन्हा चढवला, न्याय केला. संध्याकाळी राणीने सगळ्यांसमोर हाक मारली, मुखवटा उतरवला, खुंटीला टांगला. राजाने तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "जेवायला काय आहे?"

"वांगी," राणी म्हणाली. "जरा चेपलेली आहेत."