ठकीची फट

धामणवाडीच्या डोंगरावर एक कपार आहे. तिच्या तोंडाशी शिळा लावलेली आहे आणि शिळेच्या कडेला बोटभर फट. माघातल्या थंडीत त्या फटीतून उबदार वारा येतो. नवखे पाहुणे चपला काढून हात जोडायला लागले की गावातली म्हातारी बायजाक्का त्यांना अडवते. "पाया नगा पडू," ती म्हणते, "आत द्येव न्हाई. बाप हाय."

मग ती सांगते ते असे. फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी, गावापासून ओढ्यापलीकडे, राणबा लोहाराची भट्टी होती. भाता ओढायची त्याची बायको येसू. एकदा एक गोसावी चिमटा सांधून घ्यायला थांबला आणि जाताना राणबाला मंत्र देऊन गेला. श्वास कोंडायचा, मंत्र आत फिरवायचा. बेंबीपाशी ऊब साठते, आणि बारा वर्षांनी ती टाळूला पोचली की माणूस अमर होतो म्हणे. अट एकच. शेवटच्या दिवशी शिळा लावून बसायचे. माया घरच्या माणसाच्या आवाजात हाक मारील, तेव्हा श्वास सोडायचा नाही.

राणबा दिवस उगवला की कपारीत जाई आणि दिवेलागणीला जेवायला खाली येई. घण आणि भाता दोन्ही येसूच्या गळ्यात पडले. तरी तिला नवऱ्याचे कौतुक होते. त्याच्या अंगात खरोखरच ऊब आली होती. बाराव्या वर्षी ठकी जन्मली, तेव्हा येसू पोरीची ओली दुपटी त्याच्या पाठीवर वाळवायची.

बारावे वर्ष सरले त्या दिवशी भर दुपारी गारा कोसळल्या. छप्पर फाटले, भट्टी विझली, कोळसा भिजला. ओढ्याला पूर आल्यामुळे गावाची वाट बंद झाली. चार महिन्यांची ठकी गारठून निळी पडायला लागली. येसूने तिला पोटाशी धरले आणि धापा टाकत कपार गाठली.

शिळा तिला हलेना. तिने हाका मारल्या. शेवटी पोरीचे उघडे तळपाय फटीला लावले. "अवो, उठू नगा," ती म्हणाली, "नुसती एक फुंकर घाला."

राणबाने ऐकले. माया आली, असे त्याने ओळखले, आणि श्वास आणखी घट्ट धरला.

मंत्र पुरा झाल्यावर त्याने शिळा सारली. बाहेर येसू बसली होती. मांडीवरची पोर थंडगार झाली होती.

"मला वाटलं, माया हाय," तो म्हणाला.

"माझा आवाज वळखला नव्हता व्हय?"

"वळखला व्हता."

येसू पोरीला घेऊन उतरली आणि पुन्हा कोणाला दिसली नाही. राणबा आत गेला, शिळा ओढून घेतली. अमर झाल्यामुळे त्याला मरणही येईना, असे सांगतात.

आजही माघ लागला की धामणवाडीच्या लेकुरवाळ्या बाया वर येतात. नारळ नाही, दिवा नाही. तान्ह्या बाळाचे तळपाय त्या फटीला लावतात. मुलगा असो की मुलगी, आई फटीशी तोंड नेऊन एवढेच सांगते, "ठकीला आनलंय."

मग आतून फुंकर येते.