परक्या इंजिनाची गाडी

पन्हाळ्यावर जुन्या गाड्यांची स्पर्धा होती. कोल्हापूरचे बाबालाल मिस्त्री आपली पन्नास वर्षांची लाल स्पोर्ट्स कार स्वतः चालवत घाट चढून आले. तिचं मूळ इंजिन लिटरला जेमतेम पाच किलोमीटर देई. मिस्त्रींनी तीन वर्षं खपून तिला एका छोट्या गाडीचं इंजिन बसवलं, आणि आता ती लिटरला अठरा देत होती.

परीक्षक होते सरनोबत सरकार. शिवाय स्पर्धेत त्यांची स्वतःचीही गाडी होती. पण त्यांना बोलणार कोण? त्यांनी मिस्त्रींचं बॉनेट उघडलं आणि नाक मुरडलं.

"सिंहाच्या छातीत सशाचं काळीज! परक्या इंजिनाची गाडी बाद!"

मिस्त्रींचा चेहरा पडला. मग त्यांची नजर फाटकाकडे गेली. त्यांनी शांतपणे हात पुसले.

"सरकार, नियम नीट कळू द्या. परक्या इंजिनाच्या जोरावर घाट चढली, ती गाडी बाद?"

"बाद म्हणजे बाद! मग ती कुणाची का असेना!"

"मग ती बघा."

फाटकाशी ट्रक उभा होता. वर दोरखंडांनी बांधलेली सरकारांची चकचकीत गाडी.

"अहो, ती पेट्रोल पाण्यासारखं पिते! घाटात कोण चालवणार?" सरकार गडबडले.

"तेच म्हणतोय. माझ्या गाडीनं परकं इंजिन पोटात घेतलंय, सरकार. तुमची तर परक्या इंजिनाच्या पाठीवर बसून आलीय."

हशा पिकला. तेवढ्यात ट्रकवाला पुढं झाला.

"मग सरकार, कप माझ्याच ट्रकला न्हवं?"