चुंदीचं घर काचेत

एसटी स्टँडला लागून एक दुकान होतं.
केवढं? एवढंसं.
भिवामामा आत बसले, की दुकान भरलं.

मामा काय करायचे?
तुटकी चप्पल शिवायचे. उसवलेला बूट शिवायचे.
आरी आत, दोरा बाहेर. सुईंऽ सुईंऽ.
टाचेला खिळा. ठक ठक.

दुकानात होता एक बाक. बाकाखाली एक बूट. काळा. एकच.
कुणीतरी तो शिवायला टाकला आणि न्यायला आलंच नाही.
उन्हाळा गेला. पाऊस गेला. थंडी गेली. बूट तिथेच.

मग त्या बुटात राहायला आली चुंदी.
चुंदी म्हणजे एक चिचुंद्री. नाक लांब. डोळे बारीक. आवाज चिक चिक.
बुटाची जीभ म्हणजे तिचं दार. टाचेत स्वयंपाकघर. आणि पुढे, बोटांच्या जागी, मऊ मऊ अंधार.
तिथे चुंदी झोपायची. गुडूप.

एकदा चुंदी मावशीकडे गेली. पुष्कळ दिवस राहिली.
निघताना मावशीने तिला एक चिंचोका दिला. गुळगुळीत. चकचकीत.
"घरी जाऊन उशाशी ठेवीन," चुंदी म्हणाली.
चिंचोका घेतला काखेत. तुरुतुरु तुरुतुरु घरी आली.

बघते तर काय.
दुकान नवं. भिंत निळी. फळ्या नव्या.
फळ्यांवर पॉलिशच्या डब्या. ब्रश. नाड्या. बुटात घालायचे सुकतळे.
आणि एक कपाट. कपाटाला काच.

बाकाखाली काय?
बाकाखाली झाडलेली फरशी.
आणि बूट?
बूट कपाटात. काचेच्या मागे.
अर्धा चकचकीत, अर्धा मळका. मधोमध खडूची रेघ.

चुंदी धावली.
धप्प. नाक आपटलं काचेवर.

"काचबाई, काचबाई, सरका ना.
बूट मिळेना,
आणि चुंदीला घर नाही.
हे बरं दिसतं का?"

काच म्हणाली, "नाक लावू नकोस. डाग पडतो. मी आजच पुसलेय. कडी निघाल्याशिवाय मी नाही सरकत."

चुंदीला आला राग.
शेपटी ताठ, नाक वर, काखेत चिंचोका.
तुरुतुरु तुरुतुरु गेली कडीकडे.

"कडीबाई, कडीबाई, निघा ना.
काच सरकेना,
बूट मिळेना,
आणि चुंदीला घर नाही.
हे बरं दिसतं का?"

कडी म्हणाली, "मी काय अशी कुणासाठीही निघते? मामांनी हात लावल्याशिवाय मी नाही निघत."

चुंदीला आला राग.
शेपटी ताठ, नाक वर, काखेत चिंचोका.
तुरुतुरु तुरुतुरु गेली मामांकडे.

"मामा, अहो मामा, हात लावा ना.
कडी निघेना,
काच सरकेना,
बूट मिळेना,
आणि चुंदीला घर नाही.
हे बरं दिसतं का?"

मामांनी चष्मा वर केला.
"अगं ए, तो बूट आता कामाला लागलाय. अर्धा पॉलिश केलेला, अर्धा बिनपॉलिशचा. लोक बघतील आणि डबी घेतील."
"पण ते माझं घर आहे."
"मला विचारून राहिली होतीस का?"
"तुम्ही मला विचारून काढलंत का?"
मामांनी चष्मा खाली केला.
"एक तरी डबी खपू दे. डबी खपल्याशिवाय मी नाही हात लावत."

चुंदीला आला राग.
शेपटी ताठ, नाक वर, काखेत चिंचोका.
तुरुतुरु तुरुतुरु गेली डबीकडे.

"डबीबाई, डबीबाई, खपा ना.
मामा हात लावेनात,
कडी निघेना,
काच सरकेना,
बूट मिळेना,
आणि चुंदीला घर नाही.
हे बरं दिसतं का?"

डबी म्हणाली, "मी काय आपल्या आपण खपू? मला पाय आहेत का? ते बघ, समोर स्टँडवर कंडक्टरकाका चहा पितायत. बूट बघ त्यांचे. नुसती धूळ. ते आल्याशिवाय मी नाही खपत."

चुंदीला आला राग.
शेपटी ताठ, नाक वर, काखेत चिंचोका.
तुरुतुरु तुरुतुरु गेली काकांकडे.

काकांनी नाक मुरडलं.
"वास कुठून येतोय, चिचुंद्रीबाई?"
"तुमच्या मोज्यांतून," चुंदी म्हणाली. "आता ऐका.

काका, अहो काका, दुकानात या ना.
डबी खपेना,
मामा हात लावेनात,
कडी निघेना,
काच सरकेना,
बूट मिळेना,
आणि चुंदीला घर नाही.
हे बरं दिसतं का?"

काका म्हणाले, "कुठलं दुकान? त्याच्या पाटीवर तर कागद आहे. एसटी असो की दुकान असो, पाटी वाचल्याशिवाय मी नाही आत येत."

चुंदीला आला राग.
शेपटी ताठ, नाक वर, काखेत चिंचोका.
तुरुतुरु तुरुतुरु गेली पाटीकडे.

पाटी होती दुकानाच्या वर. नवी कोरी. तोंडावर कागद.

"पाटीबाई, पाटीबाई, दिसा ना.
काका येईनात,
डबी खपेना,
मामा हात लावेनात,
कडी निघेना,
काच सरकेना,
बूट मिळेना,
आणि चुंदीला घर नाही.
हे बरं दिसतं का?"

पाटी कागदाआडून म्हणाली, "नव्या दुकानाची पाटी मी. मला लाज वाटते. नारळ फुटल्याशिवाय मी नाही दिसत."

चुंदीला आला राग.
शेपटी ताठ, नाक वर, काखेत चिंचोका.
तुरुतुरु तुरुतुरु गेली नारळाकडे.

नारळ बसला होता पाटावर. शेंडी वर. कपाळाला कुंकू.

"नारळबुवा, नारळबुवा, फुटा ना.
पाटी दिसेना,
काका येईनात,
डबी खपेना,
मामा हात लावेनात,
कडी निघेना,
काच सरकेना,
बूट मिळेना,
आणि चुंदीला घर नाही.
हे बरं दिसतं का?"

नारळ म्हणाला, "सकाळपासून मी इथेच बसलोय. कुंकू वाळलं माझं. पण मामांनी फोडल्याशिवाय मी नाही फुटत."

चुंदीला आला राग.
शेपटी ताठ, नाक वर, काखेत चिंचोका.
तुरुतुरु तुरुतुरु गेली...
कुणाकडे? पुन्हा मामांकडे.

"मामा, अहो मामा, नारळ फोडा ना.
नारळ फुटेना,
पाटी दिसेना,
काका येईनात,
डबी खपेना,
मामा हात..."

चुंदी थांबली.
मामांकडे बघितलं. खालून वर. वरून खाली.
"मामा हात लावेनात," ती हळूच म्हणाली. "म्हणजे तुम्हीच की."
"कोण? मी?" मामा म्हणाले.
"सगळे तुमच्यासाठी थांबलेत. आणि तुम्ही कशासाठी थांबलात?"

"पहिल्या गिऱ्हाइकासाठी," मामा म्हणाले. "दुकान नवं झालं. आता पहिलं गिऱ्हाईक येईल. त्याच्या हातून भवानी होईल. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. मग मी नारळ फोडीन."

"आणि गिऱ्हाईक आलंच नाही तर?"
"येईल की. आणि पहिल्या गिऱ्हाइकाला मी कधी परत पाठवत नाही. माझ्या आईने पाठवलं नाही. तिच्या आईने पाठवलं नाही. मग तो शेटजी असो, शिपाई असो, कुणीही असो."

"कुणीही?"
"कुणीही."

चुंदीने दाराकडे बघितलं.
मग वळली. तुरुतुरु तुरुतुरु दुकानाबाहेर गेली.
"गेली रुसून," मामा म्हणाले.

छे. रुसून कुठली?
चुंदी रस्त्यावर गेली. तिथे वळली. अंग झटकलं. मिशा पुसल्या.
आणि उंबऱ्यावरून, दारातून, समोरून आत आली.

"अहो दुकानदार," चुंदी म्हणाली. "एक नाडी दाखवा. काळी. मजबूत हवी."

मामा बघतच राहिले.
"अगं ए, तू..."
"अगं ए नाही. मी गिऱ्हाईक आहे. पहिलं."

मामांनी दाराकडे बघितलं. दुसरं कुणी नव्हतं.
मामांनी आपल्या आईच्या फोटोकडे बघितलं. आई फोटोतून त्यांच्याकडेच बघत होती.
मामा उठले. हात जोडले.
"या बाई, या. बसा. उन्हातून आलात. पाणी देऊ?"
"नाडी द्या," चुंदी म्हणाली.

मामांनी नाडी दिली. काळी. मजबूत.
चुंदीने काखेतला चिंचोका काढला. एकदा त्याच्याकडे बघितलं. मावशीचा चिंचोका. उशाशी ठेवायचा चिंचोका.
पण उशीच नाही, तर उशाशी काय ठेवायचं?
चुंदीने चिंचोका मामांच्या हातावर ठेवला.
मामांनी तो कपाळाला लावला. गल्ल्यात टाकला. टुक.

झाली भवानी.

मग काय?
मामांनी नारळ उचलला. फाट्. नारळ फुटला.
नारळ फुटला, कागद निघाला. टर्रर्र. पाटी दिसली.
पाटी दिसली, काका आले. एकेका अक्षराकडे बोट करत वाचत आले. "भिवामामांचं दुकान. बूट शिवून मिळतील. बूट चमकवून मिळतील."
काकांनी कपाटातला बूट बघितला. अर्धा चकचकीत, अर्धा मळका.
मग आपले बूट बघितले. पूर्ण मळके.
"एक काळी डबी द्या मामा," काका म्हणाले. "आणि थोडं खोबरंही द्या."
डबी खपली.
डबी खपली, मामांनी हात लावला.
हात लावला, कडी निघाली. खट्.
कडी निघाली, काच सरकली. सुर्रर्र.
काच सरकली, बूट बाहेर आला.
बूट बाहेर आला, आणि चुंदी...

चुंदी आत शिरली नाही.
शेपटी ताठ. नाक वर.
"हे काय?" चुंदी म्हणाली. "अर्धं घर चकचकीत, अर्धं घर मळकं? मी काय अर्धीच राहते?"

मामा हसले नाहीत. गिऱ्हाइकाला हसत नाहीत.
त्यांनी ब्रश घेतला. घस घस. घस घस.
फडकं घेतलं. फट फट. फट फट.
खडूची रेघ गेली. बूट सगळा चकचकीत.
चुंदीने बुटाच्या चकचकीत नाकात आपलं नाक बघितलं.
"चालेल," ती म्हणाली.

मामांनी बूट बाकाखाली ठेवला. होता तिथेच.
चुंदीने नवी नाडी घेतली. बुटाच्या भोकातून ओवली. बाकाच्या पायाला गुंडाळली. एक गाठ. वर आणखी एक गाठ. करकचून.
"हे कशाला, बाई?" मामांनी विचारलं.
"तुमच्यासाठी," चुंदी म्हणाली.

मग कपाटात काय ठेवलं?
मामांनी आपल्याच पायातली एक चप्पल काढली. अर्धी चकचकीत केली. अर्धी मळकी ठेवली. काचेमागे ठेवून दिली.
आता मामा एका पायात चप्पल घालून बसतात.
काका विचारतात, "मामा, दुसरी कुठं गेली?"
मामा म्हणतात, "कामाला लागली."
बाकाखालून आवाज येतो, "चिक चिक. आता कळलं?"

बूट बाकाखाली.
नाडी बाकाला.
चुंदी बुटात, मऊ मऊ अंधारात.
आता लावा बरं कुणी हात.
गुडूप.