चांगला आकडा

“हा तीनशे सतरा कुठून आला?” बिडकर मॅडमनी विचारलं.

ओजस मनात चरफडला. एवढा जाडजूड प्रबंध, आणि बाईंची नजर नेमकी या एका आकड्यावर पडावी! पाचच्या आत प्रबंध जमा करायचा होता आणि चार वाजून गेले होते. मार्गदर्शक म्हणून बाईंची सही तेवढी राहिली होती. सही नाही तर वर्ष गेलं.

“असाच टाकलाय, मॅडम.”

“असाच?...”

ओजसचा प्रोग्राम जुन्या कागदांतली मोडी अक्षरं वाचायचा. शंभरातली चौऱ्याण्णव बरोबर. विभागात कुणालाच एवढं जमलं नव्हतं, आणि हे पठ्ठ्याने कुणाला विसरूही दिलं नव्हतं.

प्रोग्राम शिकायला बसवताना त्याला एक आकडा द्यावा लागतो, कुठलाही. पत्ते पिसावेत तशी त्या आकड्याप्रमाणे अक्षरं पिसली जातात. बस, एवढंच त्या आकड्याचं काम; कुठलाही टाकला तरी निकाल साधारण तोच यायला हवा.

“मग तीनशे अठरा टाक.”

“आत्ता? मॅडम, पाच वाजता...”

“टाक.”

त्याने टाकला. निकाल येईपर्यंत त्याला खुर्चीत बसवेना. तो उठला, खिडकीशी गेला, परत आला. बाई निवांत चहा पीत होत्या, याचा त्याला मनापासून राग आला.

पडद्यावर उमटलं: एकोणऐंशी.

“आणखी एक.”

“मॅडम, तीनशे सतराच चांगला आहे!”

बोलून गेला, आणि मग त्याने जीभ चावली.

बाईंनी कप खाली ठेवला.

“किती टाकून पाहिलेस?”

“...बरेच.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

“आणि ते बाकीचे प्रबंधात कुठे आहेत?”

ओजसने घड्याळाकडे पाहिलं.

“पण मॅडम, चौऱ्याण्णव आलेच ना!” त्याचा आवाज चिरकला. “मी निकालात काही फिरवाफिरवी केलेली नाही. तुम्ही स्वतः चालवून बघा. तीनशे सतराला दर वेळी चौऱ्याण्णवच येतात!”

यातला शब्द न् शब्द खरा होता. तरी ओजसला आपण चोरी करताना सापडल्यासारखं का वाटत होतं, ते त्यालाच कळेना.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

ओजसचा जीव भांड्यात पडला. त्याने सहीचं पान लगबगीने पुढे सरकवलं.

ते त्यांनी बाजूला ठेवलं. एक कोरा कागद ओढला आणि त्यावर सही केली. मग तिच्याखाली दुसरी. मग तिसरी. एक वाकडी झाली, एकीत शाई तुटली, एक अगदी छापल्यासारखी उतरली. कागद भरेपर्यंत त्या सह्या करत राहिल्या.

मग ड्रॉवरमधून कात्री आणि डिंकाची बाटली काढून त्याच्यासमोर ठेवली.

“यातली झकास जमलेली निवड. काप, आणि तुझ्या पानावर चिकटव.”

थट्टा म्हणावी, तर बाईंच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

“मॅडम... चिकटवलेली सही कोण मान्य करेल? ऑफिसातून हाकलून देतील मला!”

“का रे? हात तर माझाच आहे.”