जीवीच्या बेटापाशी

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. धाकट्या भावाचा, मिलिंदचा मोबाइल मी अजून चार्ज करून ठेवते. “मिलिंदभाई, वारा पडला. पाणी आरसा झालंय. या,” पलीकडून कोणी म्हणालं. ते मेरामभाई होते, कच्छच्या छोट्या रणात पावसाचं पाणी भरलं की होडी चालवणारे. मिलिंद तीन वर्षं त्यांच्या होडीतून जात होता. त्याला एकच फोटो हवा होता, एका बेटापाशी, निश्चल पाण्यात उतरलेल्या आभाळाचा. तो आषाढात वारला, हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. मग त्याचा कॅमेरा घेऊन निघाले.

मेरामभाईंच्या होडीचं शीड गुंडाळलेलं होतं. वर आभाळ, खाली तेच आभाळ. बरंच आत गेल्यावर मिठाचा लांबट उंचवटा दिसला, पाण्यावर जेमतेम वीतभर, होडीच्या आकाराचा. त्याला जीवीचं बेट म्हणतात. तिथं मेरामभाई जोराजोरात वल्हं मारू लागले. मी म्हटलं, जरा थांबा, पाणी हलतंय. ते थांबले नाहीत. वल्हं मारता मारताच सांगू लागले.

फार पूर्वी जीवीचा भाऊ इथल्या मिठागरावर एकटा राखणीला होता. त्या वर्षी पाणी म्हणे महिनाभर आधी आलं. गावातल्या पुरुषांनी तीन दिवस शोधलं आणि सोडून दिलं. जीवीने सोडलं नाही. भाकऱ्या बांधून घेतल्या आणि बापाची होडी काढून ती एकटीच निघाली. या जागी पोचली आणि वारा पडला. तिने वाकून पाहिलं. होडीत ती एकटी होती. पाण्यात, असं सांगतात, दोघं बसलेली होती. वल्हं घातलं तर भाऊ मोडेल, म्हणून तिने ते उचलून आडवं ठेवलं.

कार्तिकात पाणी आटलं. मिठागरं बांधायला आलेल्या लोकांना पांढऱ्या जमिनीवर होडी सरळ उभी दिसली. आत कोरडं वल्हं होतं, भाकऱ्यांचं न सोडलेलं गाठोडं होतं. जीवी नव्हती. होडीवर मीठ चढत गेलं, त्याचं हे बेट झालं.

बुडाली असेल, मी म्हटलं.

“गुडघाभर पाणी, बेन. बुडायला काय आहे इथं?”

आजही कोणताही नावाडी या बेटापाशी पाणी स्थिर होऊ देत नाही. फोटोवाले चिडतात.

“मिलिंदभाई तर म्हणायचे, मेराम, एक दिवस तुझं वल्हं चुलीत घालीन.” ते हसले. मग वल्हं मारतच म्हणाले, “त्यांच्यासाठी कधी थांबलो नाही. तुम्ही म्हणाल तर थांबतो.”

कॅमेरा माझ्या हातात होता. ढवळलेल्या पाण्यात आभाळाचे तुकडे हलत होते, त्यांत माझ्या ओढणीचा पिवळा रंग. होडीत आम्ही दोघं होतो. पाण्यात किती, ते मोजता येत नव्हतं.

मी त्यांना थांबायला सांगितलं नाही. मिलिंदला हवा होता तो फोटो काढायचा राहिला.